वाकडी नदीचं माप

माझ्या शिलाई मशीनखाली रोज संध्याकाळी चिंध्यांचा ढीग निघतो. मुद्दाम कुणी जमवत नाही, काम केलं की त्या पडतातच! किश्शांचंही तसंच झालं. तीन वर्षं आम्ही चार माणसांनी मिळून नदी मोजली. आकड्यांची वही भरली एकच, पण किस्से मात्र गोणीभर निघाले. अजूनही चहाच्या टपरीवर बसलं की कुणीतरी म्हणतंच, "टेलर, तो गादीचा किस्सा सांग ना बे!" मग चहा गार होतो आणि गिऱ्हाईक दुकानासमोर ताटकळतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळे सांगूनच टाकावेत.

आमचं गाव दिग्रसपासून काळीपिवळी जीपनं पाऊण तासावर. गावाला वळसा घालून वाकडी नदी जाते. सरकारी नकाशात तिला नाला म्हटलंय, त्याचा आम्हाला मनापासून राग आहे. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे हरसिंगभाऊंचा बंजारा तांडा. तांड्याला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. ती संक्रांतीलाच धापा टाकायला लागायची, आणि मग तिथल्या बायका पाऊस लागेपर्यंत दोन मैलांवरून डोक्यावर हंडे आणायच्या.

वर्षंही कशी, तर कपाशीनं सगळ्यांनाच आडवं पाडलेली. अळी मरता मरत नव्हती, भाव चढता चढत नव्हता. अशात आम्ही तालुक्याला पाटबंधाऱ्याच्या साहेबांकडे पक्का बंधारा मागायला गेलो. साहेब माणूस सरळ होता, पण कागदाचा पक्का. म्हणाला, "पाणी कधी किती असतं, याच्या नोंदी आहेत का तुमच्याकडे? तीन वर्षं, दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळेला नदीकाठच्या विहिरी मोजा, नदीचं पाणी तिथंच कळतं. एक आठवडा जरी चुकला, तरी मी फाईल पुढे पाठवणार नाही."

तेवढ्यात मागून शेवंताताई बोलल्या, "सोमवार. सकाळी आठ वाजता."

शेवंताताईंचं घर बुद्धविहाराच्या मागे. शिक्षण सातवी, शेती तीन एकर, आणि विहारातल्या महिला मंडळाची वही वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात. त्यांच्या वहीत खाडाखोड कुणी पाहिलेली नाही. आठला तांड्याची विहीर, मग गावाची, मग विहाराजवळची, असा क्रमही त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकला.

*

मोजायचं कशानं? टेप कुणाकडे? अर्थात टेलरकडे!

माझा टेप पाच फुटांचा, विहीर तीस फुटांची. मी दुकानातले जुने-नवे सात टेप काढले आणि एकाला एक जोडून शिवून टाकले. दुहेरी टीप मारली, टोकाला दगड बांधला. असा झोकदार टेप जिल्ह्यात कुणाकडे नसेल, या तोऱ्यात मी पहिल्या सोमवारी तांड्यावर गेलो. साडेबावीस फुटांवर पाणी लागलं. शेवंताताईंनी लिहिलं.

चार सोमवार झाले. पाचव्या सोमवारी एका गवंड्याचा लोखंडी टेप हाती लागला, म्हणून शेवंताताईंनी सहज पडताळा घेतला. दोन इंचांचा फरक! विहिरीत तेच पाणी, दगड तोच, मग दोन इंच गेले कुठे?

शेवंताताईंनी माझा टेप हातात घेतला, जोड उलटेपालटे केले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. माझ्या लक्षात आलं. सवयीनं मी प्रत्येक जोडाला अर्धा इंच शिवणीत घेतला होता. चार जोड, दोन इंच. तीस वर्षांची सवय हो, हात थोडाच ऐकतो!

हरसिंगभाऊ तांड्याचे नाईक. मोठा मिशीवाला माणूस, हसायला लागला की विहिरीत आवाज घुमतो. ते म्हणाले, "टेलर, पँटले तू मार्जिन ठेवते, ते समजते. मानूस जाडा होते. इहीर कुठं जाडी होते बाप्पा?"

पहिल्या चारही सोमवारांचे दुरुस्त आकडे शेवंताताईंनी खाडाखोड न करता शेजारी लिहिले, बाजूला कारण लिहिलं: "टेलरची सवय."

*

मग मी नायलॉनचा दोर घेतला आणि फुटाफुटावर रंगीत चिंधी शिवली. दर पाचवी चिंधी लाल. या वेळी मार्जिन नाही! चिंध्यांनी फूट मोजायचे आणि वरचं उरलेलं बोटांनी. विहिरीच्या काठावरून दोर किती आत गेला ते मापायचं, म्हणजे बोटं जितकी कमी तितकं पाणी वर. साहेबाच्या फॉर्मसाठी त्याचे सेंटिमीटर मी करून द्यायचो.

इथंही घोळ झाला. बंडूनं मोजलं तर सहा बोटं. हरसिंगभाऊंनी तेच पाणी, त्याच मिनिटाला मोजलं तर चार! दोघंही हटेनात. बंडू म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. काडीसारखा माणूस आणि काडीसारखीच बोटं. हरसिंगभाऊंचं एकेक बोट म्हणजे केळ.

हरसिंगभाऊ छाती काढून म्हणाले, "पाहा, मी मोजलं का पानी वर येते!"

बंडू म्हणाला, "मंग असं करू ना भाऊ. साऱ्या जिल्ह्याच्या इहिरी तुमालेच मोजू देऊ. दुष्काळच मिटते!"

शेवटी ठरलं की बोटं फक्त शेवंताताईंची. निर्णय बरोबर होता, पण त्याचा अर्थ आमच्या नंतर लक्षात आला. आता तीन वर्षं ही बाई एक सोमवारसुद्धा गाव सोडू शकत नव्हती. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "मले जायचं तरी कुठं हाय, टेलर?" मी उगाच दोर गुंडाळत बसलो.

*

पक्का बंधारा मिळेल तेव्हा मिळेल, तोवर गोण्यांचा घालू, असं ठरलं. पाऊस ओसरला की खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि नदीत आडव्या रचायच्या. हातानं तोंडं शिवायची म्हणजे दाभण घ्या, सुतळी ओवा, बोट टोचून घ्या. बंडू म्हणाला, "मशीनच आनू ना इथं!"

म्हणून माझी पायमशीन हरसिंगभाऊंनी डोक्यावर घेतली आणि नदीकाठच्या पळसाखाली मांडली. जाड सुई लावली आणि मी रिकाम्या गोण्यांना सुतळीची नाडी शिवून द्यायला बसलो. वाळू भरली की नाडी ओढायची, गाठ मारायची, संपलं!

रस्ता शेजारूनच जातो. दुपारी एक काळीपिवळी थांबली. आत अठरा-वीस माणसं कोंबलेली. ड्रायव्हर खाली उतरला तोच दोन्ही हात मागे धरून. सीटचा खिळा लागून पँट नको तिथं फाटली होती! म्हणाला, "टेलरभाऊ, देवासारखे भेटले. एक टीप मारून द्या."

मी तोंड उघडायच्या आत शेवंताताई म्हणाल्या, "मारते ना तो. पन आमच्या शंभर गोन्या भरायच्या हायेत. टेलरले टाइम नाई."

ड्रायव्हरनं एकदा गोण्यांकडे बघितलं, एकदा जीपकडे. मग कुणाचा तरी टॉवेल कमरेला गुंडाळला, पँट माझ्या हातात दिली आणि मोठ्यानं ओरडला, "उतरा व बाया-मानसं! गाडी आता गोन्या भरल्याबिगर चालत नाई!"

वीस माणसं उतरली. हळदीकुंकवाला निघालेल्या बायका होत्या, दवाखान्यात निघालेले एक आजोबा होते. आजोबांना आम्ही सावलीत बसवलं, तर ते गाठी मारायला लागले. पाऊण तासात शंभरच्या वर गोण्या भरल्या. पँट पाच मिनिटांतच झाली होती, पण ती मी मांडीखाली दाबून ठेवली होती.

*

कपाशीवर त्या वर्षी फवाऱ्यामागून फवारे चालले होते, आणि लोक फवारणीचे पंप नदीतच धुवायचे. एका सकाळी डोहात मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. ढोरं त्याच पाण्यावर जायची. मला संताप आला, लाजही वाटली, कारण त्यात माझ्या भावाचाही पंप होता. संध्याकाळी बैठक भरली आणि नियम झाला: नदीत जो पंप धुवेल, त्यानं डोहातला साठ घमेली गाळ काढायचा.

दवंडी द्यायचं काम बंडूचं. त्यानं हलगी वाजवत गावात आणि तांड्यावर तीनदा फेरी मारली. असा आवाज की झोपलेली म्हातारी उठून बसली!

दुसऱ्या दिवशी पहिला माणूस सापडला. पाठीवर पंप, पाय नदीत, तोंडात गाणं. बंडू!

हरसिंगभाऊंनी त्याला हाताला धरून आणलं. शेवंताताईंनी विचारलं, "काहून रे बंडू? तूच तं दवंडी देल्ली ना काल?"

बंडूचा चेहरा निरागस. म्हणाला, "ताई, मी तं हलगी वाजवून राह्यलो होतो. त्या आवाजात मले काय आईकू येते?"

साठ घमेली गाळ काढला पठ्ठ्यानं. मात्र एकसष्टावं घमेलंही स्वतःहून काढलं आणि म्हणाला, "हे पुढच्या वक्तासाठी अॅडव्हान्स." पुढची वेळ काही आली नाही. त्याची नाही, आणि दुसऱ्या कुणाचीही नाही! पुढच्या पावसाळ्यानंतर डोहात पुन्हा मासे दिसले, तेव्हा पहिली आरोळी बंडूचीच होती.

*

आता तो गादीचा किस्सा.

दुसऱ्या वर्षी कापूस विकायला दिग्रसच्या केंद्रावर बैलगाड्यांची ही लांब रांग लागली. गावातले आणि तांड्यावरचे झाडून सगळे पुरुष गाड्यांसोबत अडकले. मीही भावाच्या गाडीवर. तिसऱ्या दिवशी अवकाळी कोसळला. कापूस भिजतो म्हणून आम्ही ताडपत्र्या ओढत होतो, पण हरसिंगभाऊंचं तोंड गावाकडे. म्हणाले, "टेलर, आपल्या गोन्या गेल्या समज."

मलाही तेच वाटत होतं. बंधारा गेला की उन्हाळ्यात तांड्याची विहीर गेली, म्हणजे बायकांचे हंडे पुन्हा दोन मैल. जेवण गेलं नाही कुणाला.

परत आलो तर काय! बंधारा जागच्या जागी. नुसता जागच्या जागी नाही, दोन थर उंच! आणि वरचे दोन थर गुलाबी फुलांचे, मध्ये मध्ये मोर.

मी ती फुलं ओळखली. मीच शिवली होती! गावातल्या पाटलांच्या मुलीच्या लग्नासाठी गाद्यांच्या खोळी. चोवीस नग, माझ्या दुकानात घडी घालून ठेवलेले.

झालं होतं असं की पाणी गोण्यांवरून वाहायला लागलं, आणि रिकामी गोणी गावात एकही उरली नव्हती. हरसिंगभाऊंची याडी, म्हणजे त्यांची आई, सत्तरीची. ती शेवंताताईंना म्हणाली, "टेलरच्या दुकानात कपडा असते ना व?" दोघींनी कुलूप तोडलं. तांड्यावरच्या आणि गावातल्या बायकांनी भर पावसात खोळींत वाळू भरली आणि त्या हातोहात लावल्या.

मी कपाळाला हात लावून बसलो. आता पाटलांना काय सांगू? तर पाटील स्वतःच छत्री घेऊन नदीवर आले. बराच वेळ फुलांकडे आणि मोरांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "पाटील, मी नवीन शिवून देतो, कापड माझं."

पाटील म्हणाले, "कायले? वऱ्हाडी म्हनतीन गाद्या कुठं हायेत, तं सांगू. तुमच्या आंघोळीचं पानी झोपलं हाय तेच्यावर!"

मी खोळी पुन्हा शिवल्याच. कापड मात्र पाटलांनी मला घेऊ दिलं नाही.

*

शेवंताताईंच्या मुलीचं लग्न जुळलं पांढरकवड्याकडे, आणि तारीख निघाली नेमकी सोमवारची. ताईंनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, "वऱ्हाड दहाले येते. आठचं माप आठले होते."

वऱ्हाड पहाटेच निघालं आणि पावणेआठलाच हजर! विहारासमोर मॅटेडोर थांबली, मंडळी उतरली. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी स्वागताला उभ्या असलेल्या बंडूला विचारलं, "विहीणबाई कुठं हायेत?"

बंडू म्हणाला, "इहिरीवर गेल्या."

बस्स, एवढंच! त्या वर्षांत कुणी विहिरीवर गेलं असं नुसतं ऐकलं तरी माणसाच्या काळजाचं पाणी व्हायचं. वरबाप चपला सोडून पळाले. त्यांच्या मागे नवरा मुलगा, त्याच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका, सगळ्यांत मागे बंडू ओरडतोय, "अहो तसं नाई, तसं नाई!"

नदी ओलांडून अख्खं वऱ्हाड तांड्याच्या विहिरीवर पोहोचलं. शेवंताताई कोऱ्या साडीचा पदर खोचून काठावर वाकलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "थांबा जरा. बोटं मोजून राह्यले."

वरबाप मटकन दगडावर बसले. धाप ओसरल्यावर त्यांनी सगळी हकिकत ऐकली, दोर हातात घेऊन बघितला आणि भीतभीतच विचारलं, "पोरगी बी अशीच हाय काय?"

शेवंताताई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "नाई. ते माह्यापक्षा पाच मिनिटं आधी येते."

*

तीन वर्षं पूर्ण झाली. एकही सोमवार चुकला नाही. साहेब जीप घेऊन तपासणीला आला. सोबत लोखंडी टेप. तिन्ही विहिरी त्यानं स्वतः मोजल्या, मग शेवंताताईंनी दोरानं मोजल्या. आकडे जुळले. साहेबानं त्यांच्या बोटाची जाडीसुद्धा पट्टीनं मोजली! मग तांड्यावर बाजेवर बसून तो वही चाळायला लागला. अख्खा तांडा भोवती उभा. हरसिंगभाऊंची याडी हात जोडून बसलेली.

साहेब एका पानावर थांबला. पुढचं पान बघितलं, पुन्हा मागे आला. चष्मा वर केला.

"तांड्याची विहीर. ऐन उन्हाळा. चार आठवडे पाणी खाली जातंय. आणि या सोमवारी एकदम दोन बोटं वर? पाऊस नाही, काही नाही. बाई, आकडे घरी बसून लिहिले की अशी चूक होते."

तीन वर्षं दोन बोटांवर आली होती! हरसिंगभाऊ खाली बघायला लागले.

शेवंताताई शांतपणे म्हणाल्या, "चूक नाई साहेब. त्या दिवशी इहिरीत म्हैस होती."

"म्हैस?"

"हरसिंगभाऊची. सकाळी पाय घसरला अन् गेली अंदर. माप चुकलं तं कारन लिव्हते मी. हे माप चुकलं नव्हतं, म्हनून लिव्हलं नाई."

साहेबानं वही मांडीवर ठेवली. "म्हैस विहिरीत पडलेली, आणि तुम्ही पाणी मोजत होता?"

"आठ वाजले होते, साहेब."

हरसिंगभाऊंना आता राहवेना. "मी बोंबलून राह्यलो, ताई, दोर दे व, दोर दे, म्हैस बुडते! तं हे बाई म्हनते, थांब, आधी माप!"

साहेबानं चष्मा काढला. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग बाज हलायला लागली. सगळा तांडा हसला. डोळे पुसत त्यानं पेन काढलं आणि वहीच्या पानापानावर सही केली. शेवटच्या पानावर लिहिलं, "नोंदी खऱ्या आहेत. बंधाऱ्याची शिफारस करतो." याडीनं तिथंच त्याची अलाबला घेतली. पुढं बंधारा झाला, तांड्याच्या बायकांचे हंडे उन्हाळ्यातही घरच्या विहिरीवर भरायला लागले. तो आनंद मी काय सांगू!

पण त्या दिवसाचं अजून दोन मिनिटांचं राहिलंय. जीप सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. साहेबानं डोकं बाहेर काढलं.

"बाई, एक विचारायचं राहिलं. म्हैस वाचली की नाही?"

शेवंताताईंनी वही उघडली, पुढच्या सोमवारावर बोट ठेवलं आणि वही साहेबासमोर धरली.

"लिव्हलं हाय ना साहेब. हे पाहा, पुन्हा दोन बोटं खाली!"